सांधेवाल्याची पाचवी लाइन

४ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी आणि बस सुटता सुटता अण्णांनी खिडकीतून आत ढकललेली ही रोजनिशी. पहिल्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना आहे: ‘रोज लिही. खाडाखोड चालेल, खाडा चालणार नाही.’ चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, मुलीला सूचनासुद्धा छापील भाषेतच देणार.

जागा मला पाहताक्षणी आवडली. खाली विजेच्या सामानाचं दुकान: पंखे, दिवे, वायरींची भेंडोळी. दुकानाच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, येणाऱ्या गिऱ्हाइकाला आमचा फलक दाखवण्यासाठी. वर दोन खोल्या. पुढची माझी कामाची, मागची मालकीणबाईंच्या यजमानांची. माझी झोपायची खोली त्यांच्याही वर, गच्चीला लागून आहे. पलंग, कपाट, खिडकी, आणि खिडकीला चक्क पडदा! बाईंनी स्वतः शिवला म्हणे. बाई पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, चालणं असं की मागून जाणाऱ्याला धाप लागावी.

फलक म्हणजे काय हे आमच्या शेजारच्या वहिनींना समजावताना माझी दमछाक झाली होती. लोक आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून इथं फोन लावतात. इथला कॉम्प्युटर तो उचलतो आणि त्यांना छोट्या जाहिराती, बसच्या वेळा, एकमेकांचे निरोप वाचायला देतो. फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरचं बोलणं नेणारी डबी म्हणजे मोडेम. अशा चार डब्या, चार फोनच्या लाइनी. त्यांची देखभाल करायला एक ऑपरेटर हवी होती, ती मी.

मुलाखतीत बाईंनी कामाबद्दल दोनच प्रश्न विचारले आणि घरच्यांबद्दल दहा. मी सांगून टाकलं की घरी अण्णा एकटेच आहेत. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तो परत येणार नाही. मग फोनवर मी एकटी बडबडायची आणि ते तिकडून रिसीव्हरवर नखानं टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही खूण आम्हा दोघांतलीच, ती मात्र बाईंना सांगितली नाही. छापखाना बंद होताना मालकांनी त्यांना तिथला जुना कॉम्प्युटर दिला होता. मी त्याला मोडेम जोडून दिलाय. आता ते रोज दुपारी दोनला फलकावर येणार आणि मी इथून त्यांच्याशी लिहून गप्पा मारणार. खरं सांगायचं तर नोकरी मी त्याचसाठी धरली. बाईंनी अण्णांचं नाव तिथल्या तिथे सभासदांत घातलं. देवमाणूस!

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सांधेवाल्याची ओळख झाली. हा माणूस नव्हे, प्रोग्राम आहे. रेल्वेत सांधेवाला जसा रूळ बदलून गाडी योग्य फलाटाला लावतो, तसा हा येणारा फोन मोकळ्या मोडेमकडे वळवतो. एखादी डबी अडकली तर बोलणं न तोडता माणसाला दुसऱ्या डबीवर नेऊन बसवतो. बाईंच्या यजमानांनी स्वतः लिहिलाय, आणि अक्षरशः घड्याळासारखा चालतो. मी आजवर असे चार-पाच प्रोग्राम पाहिले, सगळे धांदरट.

सकाळी पहिलं काम हजेरी. सांधेवाला प्रत्येक लाइनला हाक मारतो, पलीकडचा मोडेम ‘ओके’ म्हणतो. मोडेमला दुसरं काही बोलता येतही नाही. एक, ओके. दोन, ओके. तीन, ओके. चार, ओके. त्याखाली पाचवी लाइनसुद्धा आहे, तिच्यापुढे ‘बंद’ लिहिलंय. आणि तरीही, पाच, ओके!

मी मुद्दाम उठून कॉम्प्युटरच्या मागे जाऊन पाहिलं. पाचव्या खोबणीत काहीच नाही. डबी नाही, वायर नाही, नुसती धूळ. जुना प्रोग्राम आहे, कुठेतरी चुकत असेल, असं म्हणून मी फडक्यानं धूळ पुसली. मला नीटनेटकेपणाचा रोग आहे, अण्णांकडून आलेला.

बाईंनी एकच गोष्ट बजावली. बाकी सगळं तुझ्यावर सोपवलं, पण सांधेवाल्याच्या सेटिंगला हात लावायचा नाही. मी मान डोलावली.

दोन वाजता अण्णा आले! पहिलंच वाक्य: ‘शाई, जेवलीस का?’ लहानपणी छापखान्यात मी तोंडाला शाई फासून घ्यायची, तेव्हापासून मी शाई. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं म्हणून बराच वेळ कुरकुरत होते. तासभर बोललो. मला घर सोडल्याचं वाईट वाटत होतं, ते जरा कमी झालं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाई मला यजमानांना भेटवायला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, दाढी नीट केलेली, मांडीवर पांघरूण. डोळे उघडे, पण बघत कुठेच नाहीत. दोन वर्षं झाली म्हणे, डॉक्टर झटका आला असं सांगतात. भरवलं तर खातात, उठवलं तर उठतात, बोलत मात्र नाहीत. पांघरुणावर बोटं सारखी थरथरतात.

बाई त्यांच्याशी अगदी रोजच्यासारखं बोलतात, कोणतं गिऱ्हाईक आलं, कोणी पंखा परत आणला. मग उत्तराची वाट बघतात. मला तिथे उभं राहवेना.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

खाडा झाला, अण्णा. माफी. डोकं नुसतं भणभणलंय.

बुद्धिबळवाल्यांनी उच्छाद मांडलाय. फलकावर स्पर्धा सुरू झालीय आणि रोज दुपारी दोनला नवे डाव लागतात. हे महाभाग फोन लावतात आणि एका प्याद्यापायी तास तास विचार करत बसतात, लाइन अडवून. चार लाइनी, चार ठोंबे. गेले चार दिवस अण्णांना फोन लागलेला नाही. मी इथे पडद्याकडे डोळे लावून बसते आणि ते तिकडे एंगेजचा आवाज ऐकत बसतात. वेळ बदलू या म्हटलं तर वहिनी दोनलाच मोकळ्या होतात, आणि अण्णांना तो कॉम्प्युटर चालू करून द्यायला कोणीतरी लागतंच.

बाईंना विचारलं, कोणाचा तरी फोन मध्येच तोडू का? नाही म्हणाल्या, पैसे भरणारे सभासद आहेत.

आज पोस्टानं अण्णांचं कार्ड आलं. ‘एंगेज. एंगेज. एंगेज. पुढची ओळ जुळवायचा कंटाळा आला.’ एवढंच. वाचून मी जिन्यात बसून रडले.

१३ फेब्रुवारी, बुधवार

केलं. पाचवी सुरू केली.

म्हणजे केलं काय, तर ‘बंद’च्या जागी ‘चालू’ टाकलं. आता सकाळ-संध्याकाळ हजेरीला ‘ओके’ म्हणणारी लाइन आपण बंद का ठेवायची? यजमानांनी कधीतरी तिच्यासाठी पाचवी डबी आणायचं ठरवलं असेल, राहून गेलं असेल. फार तर काय होईल, फोन लागणार नाही. तो तसाही लागत नव्हता. बाईंना सांगितलं नाही. एवढ्यातेवढ्याला कशाला त्रास द्यायचा?

दोन वाजता चारी लाइनी भरल्या. दोन वाजून एक मिनिटानं पाचवीपुढे लिहून आलं: जोडली. आणि खाली: ‘शाई, जेवलीस का?’

मी खुर्चीतच टुणकन उडाले. फोन कसा लागला ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही कोणाला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचवीसारखी लाइन नाही. खरखर नाही, अक्षरं गळत नाहीत, मध्येच तुटणं नाही. अण्णांचा हातही सुटलाय. पूर्वी एका बोटानं टिपत बसायचे, आता माझं वाचून होईस्तोवर पुढचं वाक्य हजर. छापखान्यातल्या जुन्या गमती सांगत होते, मी आईशी कशी भांडायचे ते सांगत होते. हसून हसून पोट दुखलं. दोघंही सव्वाचारला उठलो.

खाली गेले तर बाईंचे डोळे लाल. मी घाबरले. तर म्हणाल्या, काही नाही गं, आज यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

किती चांगला दिवस!

१८ फेब्रुवारी, सोमवार

यजमानांनी आज पाणी मागितलं. आवाज फुटला नाही नीट, पण ‘पाणी’ म्हणाले. बाईंनी मला मिठीच मारली, दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, मला नवी चादर दिली. नंतर त्या वर माझ्या कामाच्या खोलीत आल्या आणि बराच वेळ सांधेवाल्याच्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पाचवीवरून बोलणार. उलट, वडिलांशी रोज बोलतेस ना, असं विचारलं, आणि बोलत जा म्हणाल्या.

अण्णा आज चमत्कारिक काहीतरी म्हणाले. ‘इथं मला बोलता येतं, शाई.’ मी लिहिलं, लिहिता येतं म्हणा. ते म्हणाले, ‘नाही. बोलता येतं. माझा आवाज मला ऐकू येतो.’

विषय बदलला मी. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांनी काल चारला निरोप घेतला. मी ऑपरेटरच्या सवयीनं वेळ टिपून ठेवली. आज सकाळी आले तर पाचवी अजून जोडलेली. रात्रभर जोडलेली. कोणीतरी फोन न ठेवताच झोपी गेलं असणार, म्हणून वहिनींना फोन केला. त्या चावी घेऊन अण्णांकडे जाऊन आल्या. फोन जागच्या जागी आहे, कॉम्प्युटर बंद आहे, असं सांगितलं. अण्णा खुर्चीत डुलकी घेताहेत, हल्ली फार झोपतात.

मग पाचवीवर कोण आहे?

मी लिहिलं: कोण आहे?

लगेच उत्तर: ‘जेवलीस का?’

दोन वाजले नव्हते. सकाळचे पावणेदहा.

२० फेब्रुवारी, बुधवार

हजेरी. एक, ओके. दोन, ओके. तीन, ओके. चार, ओके. पाच, शाई.

मी हजेरी पुन्हा घेतली. पाच, शाई. पुन्हा घेतली. पाच, शाई बोल ना.

जुन्या नोंदी काढायला मोडेमच्या फळीखाली शिरले आणि यजमानांचं रजिस्टर सापडलं. शेवटची पानं पेन्सिलीनं लिहिलेली. ती इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला वेड लागलं नाही एवढं तरी सिद्ध होईल.

‘पाचवीला डबी नाही, तार नाही, तरी हजेरी देते. आज खालच्या कॉम्प्युटरवरून फोन लावून पाहिला, लागला. आत कोणीतरी आधीपासून आहे. नाव सांगत नाही.’

‘सांधेवाला मी लिहिला तसाच वागतोय. नवा आला की जुन्याला सोडवतो. पण एका दमात नाही, हळूहळू. मी जितका बोलतो तितका आतला मोकळा होतो. आतलाच सांगतोय.’

‘जिभेवर शब्द येत नाहीत. बोटं मात्र थांबत नाहीत.’

पुढची पानं कोरी.

मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. यजमानांची बोटं आता पांघरुणावर थरथरत नाहीत. स्थिर आहेत. आणि मला आज कळलं की ती थरथर कधी नव्हतीच. दोन वर्षं ते टाइप करत होते.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनींचा फोन. अण्णा उठत नाहीत. डोळे उघडे आहेत, हाक मारली तर बघत नाहीत. डॉक्टर झटका म्हणतात. वहिनी रडत होत्या. मी विचारलं, हात? म्हणाल्या, खुर्चीच्या हातावर बोटं सारखी हलताहेत गं.

पाचवीवर: ‘आज उशीर केलास.’ ‘शाई.’ ‘इथं छान ऐकू येतं.’ ‘शाई.’

एसटीनं घरी जावं? जाऊन काय करू? ते तिथे नाहीतच. ते इथे आहेत.

बंद करायला हात नेला होता. बोट बटणावर होतं. मग आठवलं, बाईंचे यजमान आत असताना ही लाइन कोणीतरी बंद केली होती. म्हणून तर ते दोन वर्षं —

नाही. बंद करायची नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना रजिस्टर दाखवलं. त्या खाली बसल्या. दोन वर्षांपूर्वी यजमानांना खालच्या कॉम्प्युटरपुढे तसं बसलेलं पाहून त्यांनी घाबरून वर धाव घेतली, पाचवी चालू दिसली आणि बंद केली. तेव्हापासून ते त्यांच्या मनाला खातंय. माझ्या आधी दोन ऑपरेटर ठेवल्या होत्या, त्यांच्यातल्या कोणीच सेटिंगला हात लावला नाही. मला घेतलं ते घरी रोज फोन करणारं माणूस आहे म्हणून का, हे मी विचारलं. त्यावर त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग म्हणाल्या, “तू पाचवी सुरू केलीस ते मी सोमवारीच पाहिलं होतं. पण त्याच दिवशी यांनी पाणी मागितलं गं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काय बोलणार? मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं? अण्णांनी बोलून पाणी मागितलं असतं, तर मी कोणाला सांगितलं असतं का?

शेवटी ठरलं ते असं. उद्या सकाळी पहिल्या चार लाइनी बंद ठेवायच्या. मी खालच्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचा, तो पाचवीवरच जाईल; वरून बोलून उपयोग नाही, सांधेवाला फोन लावून येणाऱ्यालाच नवा धरतो. अण्णा सुटेपर्यंत बोलत राहायचं. ते सुटले की मी बाईंना हाक मारायची. मग बाई माझ्या जागी बसणार, मला थोडं बाहेर काढणार. मग पुन्हा मी. आलटून पालटून. कोणीच पुरतं आत जायचं नाही, आणि तेवढ्यात सुटकेचं काही तरी सुचेल. बाईंनी यजमानांच्या पायाची शपथ घेतली.

यजमान आज जिन्यापर्यंत चालत आले. माणूस सज्जन दिसतो. स्पष्ट बोलले. “ती लाइन बंद करा. मी ज्यातून आलो त्यातून दुसऱ्या कोणी जायला नको.”

बाई म्हणाल्या, करू. उद्या करू.

२३ फेब्रुवारी, शनिवार

९.१०. खाली बसलेय. दुकान बंद, दिवा लावलाय. चारी लाइनी बंद करून आले. दुकानाचा फोन डाव्या हाताला आहे, त्याला लागून छतातून वर जाणारा पाइप, वहिनी अण्णांपाशी बसल्यात, डोळ्यात फरक पडला की इकडे फोन लावणार. बाई वर, सांधेवाल्यापाशी. रोजनिशी मांडीवर. खाडा नको.

९.१५. लागला. उचलला कोणी ते दिसत नाही. ‘शाई? तू या बाजूला कशी?’

९.४०. बोलतेय. म्हणजे टाइप करतेय. अण्णांना सांगितलं घरी जा. म्हणतात, तिकडे माझा आवाज नाही. इथं मी गातोसुद्धा. मला रडू आलं. मी लिहिलं, तिकडे वहिनी आहेत, तुमची खुर्ची आहे, आणि मी पत्र टाकीन रोज. त्यांना परत पाठवून मी त्यांचा आवाज दुसऱ्यांदा काढून घेतेय. तरीही पाठवणार.

१०.२०. त्यांची अक्षरं हळू होताहेत. मधे मधे गळताहेत. मला फार स्वच्छ ऐकू येतंय. पंख्याचा नाही. दुसरंच. कोणीतरी दूर बोलतंय, एक नाही, बरेच जण, आणि मला वाटतं त्यातला एक आवाज माझा आहे.

१०.४५. बाईंना हाक मारून बघितली. सहज. ऐकू जाते का ते. तोंड उघडलं. काही आलं नाही.

जिभेवर शब्द येत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं तसं.

हे ठरवताना डोक्यात आलं नव्हतं. हाक मारायची, असं ठरलंय. हाक कशी मारू?

१०.५५. उजवा हात कॉम्प्युटरवरून निघत नाही. हे डाव्यानं लिहितेय. अक्षर वाईट. अण्णा रागावतील.

११.०५. फोन वाजला. रिसीव्हर हनुवटीखाली धरला. वहिनी म्हणतात डोळे हलले. डोळे हलले गं, पाणी प्यायले. मला बोलता येईना, त्या हॅलो हॅलो करत राहिल्या. मग म्हणाल्या, थांब, त्यांना देते.

रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर.

मग टक.

एकदा.

हो. अण्णा आले. घरी आले.

आता बाई. बाईंनी खाली यायला हवं.

११.१२. वर पावलं. बाईंची नाहीत, बाई भरभर चालतात. ही सावकाश. मागच्या खोलीतून निघाली. माझ्या डोक्यावरून पुढच्या खोलीकडे.

यजमानांना सांगितलं असेल ना बाईंनी. मी इथे आहे. सांगितलं असेल.

खुर्ची सरकली. त्यांचा आवाज. बाईंचा नाही. बाई काहीच बोलत नाहीत. रडताहेत. का बोलत नाही —

बंद करायची म्हणतात ते. आज करायची म्हणाली होतीस, म्हणतात.

पेन पाइपवर. रिसीव्हर पाइपवर. टक टक. टक टक. दोनदा. दोनदा म्हणजे नाही. फोनमधून अण्णा वाजवताहेत, टक टक, टक टक, त्यांना कळलंय, त्यांना एकट्याला — वर कोणाला — दोनदा म्हणजे नाही हे वर कोणाला माही